कचरा जाळून वीज: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्लांटबद्दल प्रश्न पाठवा म्हटल्यावर भरपूर पत्रं आणि मेसेज आले. बरेच प्रश्न एकसारखे होते, त्यामुळे सात निवडलेत आणि जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे हात आखडता घेतलेला नाही.

प्रश्न: मुलगा नोकरीसाठी कोपनहेगनला असतो. त्याने एक व्हिडिओ पाठवला, लोक एका बिल्डिंगच्या छतावरून स्कीइंग करत खाली येतायत आणि म्हणे त्याच छताखाली शहराचा कचरा जळतोय. हे खरंच असं आहे का? वास येत नाही का? आणि शहराला याचा नक्की फायदा काय?
(एक वाचक, चिंचवड)

हो, अगदी खरं आहे. प्लांटचं नाव अमागर बाके. २०१७ मध्ये सुरू झाला, छतावरचा स्कीइंगचा उतार २०१९ मध्ये लोकांना खुला झाला. डिझाईन डॅनिश आर्किटेक्ट ब्यार्के इंगेल्स यांच्या फर्मचं. मालकी कोणा खाजगी कंपनीची नाही बरं का, कोपनहेगन आणि आजूबाजूच्या अशा मिळून पाच नगरपालिकांची आहे, आणि ही मला यातली फार महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण कचरा ज्यांचा, प्लांट त्यांचा आणि उष्णताही त्यांनाच. याआधी तिथे १९७० पासूनचा जुना प्लांट होता, तो म्हातारा झाला म्हणून हा नवा बांधला.

आता चालतो कसा ते. कचऱ्याचे ट्रक आत येतात आणि एका प्रचंड खोल बंकरमध्ये कचरा ओततात. वर क्रेन असते, तिचा पंजा कचरा उचलतो, परत टाकतो, पुन्हा उचलतो, दिवसभर हेच चालू असतं, कारण एका ट्रकमध्ये नुसता पुठ्ठा असतो आणि दुसऱ्यात ओलं काहीतरी, ते नीट मिसळलं नाही तर भट्टीत आग कधी भडकणार कधी बसणार. वासाचं म्हणाल तर युक्ती साधी आहे. भट्टीला जळायला जी हवा लागते ती बंकरमधूनच ओढून घेतात, त्यामुळे बंकरमधली हवा सतत आत भट्टीकडे जाते, बाहेर येतच नाही, आणि वासाचे वायू आगीत जळून जातात.

मग कचरा सरकत्या लोखंडी जाळीवर येतो, ती जाळी हळूहळू पुढे सरकते, आधी कचरा वाळतो, मग पेटतो, मग शेवटपर्यंत जळून राख होऊन खाली पडतो. अमागर बाकेमध्ये अशा दोन भट्ट्या आहेत, प्रत्येकीत तासाला ३५ टन कचरा जातो. आगीचं तापमान हजार अंशांच्या आसपास. त्या उष्णतेवर बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, ४४० अंशाची, ७० बार दाबाची, ती टर्बाईन फिरवते आणि वीज तयार होते. इथपर्यंत कुठल्याही थर्मल पॉवर स्टेशनसारखंच आहे, फक्त कोळशाच्या जागी कचरा.

खरी गंमत पुढे आहे आणि व्हिडिओत ती दिसत नाही. टर्बाईनमधून बाहेर पडलेल्या वाफेत अजून भरपूर उष्णता उरलेली असते. आपल्याकडे ती कूलिंग टॉवरमधून हवेत सोडून द्यावी लागते. तिकडे त्याच उष्णतेने पाणी गरम करतात आणि ते जमिनीखालच्या पाइपांमधून शहरभर घराघरात जातं, रेडिएटरमध्ये आणि नळाला. कोपनहेगनची जवळजवळ सगळी घरं, ९८ टक्के म्हणतात, या गरम पाण्याच्या जाळ्यावर आहेत. नुसती वीज केली तर कचऱ्यातल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी हाती लागतो, पण उष्णताही वापरली तर जवळजवळ सगळीच. चिमणीतून जाणाऱ्या धुरातली वाफसुद्धा थंड करून तिची उष्णता काढून घेतात.

आणि हे काल-परवाचं नाही. डेन्मार्कमधली पहिली कचराभट्टी १९०३ सालची, कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गची, तिची उष्णता तेव्हाच हॉस्पिटलला दिली जात होती. १९७९ मध्ये त्यांनी उष्णतापुरवठ्याचा कायदाच केला. १९९७ पासून जो कचरा जळू शकतो तो जमिनीत पुरायलाच बंदी आहे. एवढ्या तयारीवर हा प्लांट उभा आहे, स्कीइंग हे त्यावरचं शेवटचं थोडंसं.

पण दुसरी बाजूही तुमच्या मुलाला सांगा. त्यांनी भट्ट्या जास्त बांधून ठेवल्या. इतक्या की भरायला ब्रिटनसारख्या देशांतून कचरा आयात करायला लागला. आणि कचऱ्यातलं प्लास्टिक म्हणजे शेवटी खनिज तेलच, ते जळलं की कार्बन डायऑक्साइड आलाच. म्हणून २०२० मध्ये डॅनिश सरकारने ठरवलं की २०३० पर्यंत जाळण्याची क्षमता ३० टक्क्यांनी कमी करायची आणि प्लास्टिक आधीच वेगळं काढायचं. अमागर बाकेच्या चिमणीतला कार्बन पकडून साठवायचा, असाही प्लॅन होता, त्यासाठीचा सरकारी निधी मिळाला नाही आणि २०२५ पर्यंत कार्बनमुक्त होण्याचं कोपनहेगनचं टार्गेट २०२२ मध्ये सोडून द्यावं लागलं. जगात ज्याला सगळ्यात चांगला म्हणतात त्या प्लांटची ही परिस्थिती आहे, म्हणून कुणी आपल्याला कचरा जाळला की प्रश्न संपला असं सांगायला लागलं की मला काळजी वाटते.

प्रश्न: दिल्लीत म्हणे फार वर्षांपूर्वी असा एक प्लांट आणला होता आणि तो चाललाच नाही. मग आता परत तेच का करतोय आपण?
(एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, बरोबर ऐकलंय तुम्ही. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये प्लांट उभा राहिला, रोज ३०० टन कचरा आणि पावणेचार मेगावॅट वीज असा हिशोब होता. तंत्रज्ञान डेन्मार्कचंच, व्होलुंड नावाच्या कंपनीचं. अमागर बाकेच्या भट्ट्याही त्याच व्होलुंडच्या परंपरेतल्या आहेत. म्हणजे मशीन वाईट होतं असं म्हणता येत नाही. तरी तिमारपूरचा प्लांट जेमतेम तीन आठवडे चालला आणि बंद पडला.

कारण आपला कचरा. त्या भट्टीचा हिशोब एका किलो कचऱ्यात चौदाशेच्या वर किलोकॅलरी उष्णता असेल असा धरला होता, प्रत्यक्षात मिळाली निम्म्याच्या आसपास. भाजीची देठं, उरलेलं अन्न, त्यात रस्ता झाडून आलेली माती आणि धूळ. ज्यातून पैसे येतात ते कागद, प्लास्टिक, पुठ्ठा भंगारवाल्याने आणि कचरा वेचणाऱ्यांनी आधीच नेलेलं. उरलं काय तर ओलं आणि माती.

ज्यांनी पावसाळ्यात चुलीत ओली लाकडं घातलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आकड्यात सांगायचं तर एक लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळवून त्याची पूर्ण वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी लागतात. कचऱ्यात निम्मं पाणी असेल तर किलोमागे तीनशे किलोकॅलरी नुसत्या ते पाणी घालवण्यात गेल्या, त्यातून ना वीज ना काही. माती तर जळतही नाही, उलट गरम होऊन उष्णता खाते आणि शेवटी राखेत वजन वाढवते.

मग आता परत का, तर काही गोष्टी खरंच बदलल्यात. शहरांतल्या कचऱ्यात पॅकिंगचं प्रमाण खूप वाढलंय, चिप्सची पाकिटं, थर्माकोल, मळलेल्या पिशव्या, जे कुणी भंगारात घेत नाही पण जळतं छान. बंकरमध्ये कचरा पाच-सात दिवस ठेवतात, त्यातलं घाण पाणी खाली निथळून जातं आणि कचरा जरा हलका होतो. आणि २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं गेलं की ज्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्यात किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता आहे तो कचरा डेपोत पुरायचा नाही, ऊर्जेसाठी वापरायचा. नियम चांगला आहे. फक्त तो पाळायचा तर आधी घरातच ओलं आणि सुकं वेगळं झालं पाहिजे, आणि घंटागाडीत दोन कप्पे असून शेवटी दोन्ही एकाच ढिगावर ओतले जात असतील तर तिमारपूरचीच गोष्ट परत घडायला वेळ लागणार नाही. सगळ्या पत्रांना मिळून मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच आहे.

प्रश्न: पिंपरी-चिंचवडच्या प्लांटमधून किती वीज मिळते? आमचं लाइटबिल कमी होईल का?
(एक वाचक, भोसरी)

बिल नाही कमी होणार. मोशीच्या कचरा डेपोवरच्या या प्लांटचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते १ ऑगस्ट २०२३ ला झालं, खर्च साधारण ३०० कोटी, दिवसाला ७०० टन कचरा आणि १४ मेगावॅट वीज अशी क्षमता. वीज महापालिका घेते आणि पाणी, सांडपाणी अशा स्वतःच्या केंद्रांसाठी वापरते, म्हणजे फायदा असला तरी पालिकेच्या बिलातून, तुमच्या मीटरवर दिसणार नाही.

आता क्षमतेचा हिशोब करून बघा. १४ मेगावॅट चोवीस तास पूर्ण चालला तर दिवसाला ३ लाख ३६ हजार युनिट. भागिले ७०० टन, म्हणजे टनाला ४८० युनिट, किलोला अर्ध्या युनिटपेक्षा जरा कमी. त्यातही पंखे, पंप, क्रेन यांना प्लांट स्वतःच वीज खातो. घरातून रोज दोन किलो कचरा जात असेल तर तो सगळा जाळून जास्तीत जास्त एक युनिट. म्हणून मी म्हणते, याच्याकडे वीजकेंद्र म्हणून बघू नका. मोशीच्या डेपोवर रोज पडणारा शेकडो टनांचा ढीग कमी होणं हा त्याचा खरा उपयोग आहे, वीज त्यासोबत मिळते.

प्रश्न: आमच्या घरापासून दीड-दोन किलोमीटरवर असा प्लांट आहे, गावाचं नाव छापू नका. धुराड्यातून पांढरा धूर सतत दिसतो. धाकट्या मुलाला दमा आहे. डायॉक्सिन नावाचं विष निघतं असं व्हॉट्सॲपवर वाचलं, तेव्हापासून झोप लागत नाही. खरं काय आहे?
(एक आई)

ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि काही होत नाही हो असं म्हणून मी ती उडवून लावणार नाही.

पांढरा दिसतो तो बराचसा पाण्याच्या वाफेचा असतो, थंडीत आणि पावसाळ्यात जास्त दिसतो. जे घातक आहे ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे रंगावरून ना घाबरता येत ना निर्धास्त होता येत.

डायॉक्सिन खरं आहे. क्लोरीन असलेलं प्लास्टिक, पीव्हीसी वगैरे, नीट जळलं नाही की ते तयार होतं. पुरेशा उष्णतेत ते मोडतं, म्हणूनच आपल्या नियमात भट्टीच्या दुसऱ्या कक्षात किमान ९५० अंश तापमान आणि धूर तिथे किमान दोन सेकंद राहिला पाहिजे असं आहे. पण धूर थंड होताना साधारण ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात ते परत तयार होऊ शकतं, म्हणून तो टप्पा पटकन पार करायचा असतो, मग धुरात कोळशाची खास पावडर सोडतात ती डायॉक्सिन आणि पारा शोषून घेते, चुना सोडतात तो आम्लाचे वायू पकडतो, आणि शेवटी कापडी पिशव्यांचे मोठे फिल्टर ही सगळी धूळ अडवतात. डायॉक्सिनची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम आहे, युरोपातही तेवढीच. धुळीच्या बाबतीत मात्र आपला नियम ढिला आहे, आपल्याकडे ५० मिलिग्रॅम चालतं, युरोपात दिवसाच्या सरासरीला १० ची मर्यादा होती आणि आता त्याहून खाली आणतायत. दमा असलेल्या मुलाच्या आईने हा फरक लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

म्हणजे तंत्रज्ञान आहे, प्रश्न ते रोज, रात्री दोन वाजतासुद्धा, तितकंच नीट चालवलं जातंय का हा आहे. फाटलेली फिल्टरची पिशवी वेळेत बदलली का, भट्टी बंद करून परत चालू करताना आधी डिझेल किंवा गॅसवर गरम केली का की थंड भट्टीतच कचरा ढकलला, ओला कचरा आल्यामुळे तापमान पडलं तर काय केलं. दिल्लीत ओखल्याचा प्लांट २०१२ पासून वस्तीला लागून चालतोय, तिथले रहिवासी वर्षानुवर्षं लढले, २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने प्लांटला २५ लाखांचा दंड केला पण चालू ठेवायला परवानगी दिली. त्या लोकांनी आकडे मागत राहणं सोडलं नाही म्हणून निदान तेवढं झालं.

तुम्हीही आकडे मागा. धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड यांची मोजणी धुराड्यावर सतत चालू असते आणि ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ऑनलाइन जाते. डायॉक्सिन असं सतत मोजता येत नाही, त्याचा नमुना घेऊन लॅबला पाठवतात, म्हणून गेल्या दोन वर्षांत असे नमुने कधी घेतले, कुठल्या लॅबने तपासले आणि निकाल काय आला हे माहितीच्या अधिकारात विचारा, अर्ज १० रुपयांत होतो. सोबत मंडळाच्या संमतिपत्राची प्रतही मागा, प्लांटला घातलेल्या अटी त्यात असतात. घरी एका वहीत मुलाला त्रास झाला ती तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहीत जा, डॉक्टरांना दाखवायलाही उपयोग होतो. आणि शेजारी कुणी रिकाम्या प्लॉटवर कचरा पेटवत असेल तर ते आधी बंद करा, त्या धुराला कुठलाच फिल्टर नसतो आणि तो थेट मुलाच्या नाकाच्या उंचीवर असतो.

प्रश्न: मी वस्तीतल्या कचरा वेचणाऱ्या बायकांसोबत काम करते. सगळं प्लास्टिक, पुठ्ठा भट्टीत गेला तर आमच्या बायकांच्या पोटाचं काय?
(एक कार्यकर्ती, पुणे)

हा प्रश्न विचारलात त्याबद्दल मनापासून आभार, कारण प्लांटच्या उद्घाटनाच्या भाषणांत हा कधीच येत नाही.

पेच असा आहे की भट्टीला जे आवडतं तेच तुमच्या बायकांना विकायला लागतं. सुका पुठ्ठा, जाड प्लास्टिक, कागद. भट्टीला उष्णता कमी पडली की चालवणाऱ्याला मोह होतो की चांगला सुका माल येऊ दे आत. करारात पालिकेने रोज इतके टन देऊ असं लिहून दिलेलं असेल तर मग पालिकेलाही कचरा कमी झालेला परवडत नाही. कोपनहेगनचं उदाहरण वर दिलंय, भट्टी मोठी झाली की तिला भरवत राहावं लागतं.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ पासून आहे, तिच्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि त्या बायका आता दारोदार जाऊन कचरा घेतात, वेगळा करतात. एक किलो प्लास्टिक परत वापरात आणलं तर नवं बनवायला लागणारी जी ऊर्जा वाचते ती तेच जाळून मिळणाऱ्या विजेपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून क्रम ठरलेला हवा, आधी हातांनी वेगळं करणं, विकण्यासारखं सगळं बाहेर, आणि ज्याला कुणी दोन पैसेही देत नाही तेवढंच भट्टीत. तुमच्या शहरात करार होत असेल तर त्यातल्या टनांच्या अटीवर बोट ठेवा, आणि वर्गीकरणाच्या शेडमध्ये याच बायकांना ओळखपत्र, हातमोजे, पगार मिळाला पाहिजे हे लिहून घ्या.

प्रश्न: जाळल्यावर राख उरते ती कुठे जाते?
(एक कॉलेज विद्यार्थी, सोलापूर)

दोन प्रकारची राख असते आणि दोन्हीत मोठा फरक आहे. जाळीखाली पडते ती जड राख, कचऱ्याच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा, आपल्याकडे माती जास्त म्हणून अजून जास्त. तिच्यातून चुंबकाने लोखंड आणि दुसऱ्या यंत्राने ॲल्युमिनियम काढतात, उरलेली डेन्मार्कमध्ये रस्त्यांच्या भरावात वापरतात. दुसरी फिल्टरमध्ये अडकलेली बारीक राख, ही थोडी असते पण हिच्यात जड धातू आणि डायॉक्सिन सगळं गोळा झालेलं असतं, ती घातक कचरा म्हणूनच हाताळायची. डेन्मार्कमधली अशी राख वर्षानुवर्षं नॉर्वेच्या लांगोया बेटावरच्या जुन्या चुनखडीच्या खाणीत जात आलीये. तुमच्या भागातल्या प्लांटची ही बारीक राख कुठे जाते हा प्रोजेक्टसाठी फार चांगला विषय होईल.

प्रश्न: आमच्या नगरपरिषदेत रोज ३०-४० टन कचरा निघतो. नगरसेवक म्हणतात आपणही वीज प्लांट आणू. आणावा का?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

नको. एवढ्या कचऱ्यावर भट्टी परवडत नाही, साधारण तीनशे टनांच्या खाली विचारच करू नये असं मानतात, कारण धूर साफ करायची यंत्रणा छोट्या प्लांटलाही तितकीच लागते आणि खर्च तिथेच असतो. पैसे कमी पडले की पहिली काटछाट तिथेच होते, मग वरच्या ताईंसारखी पत्रं तुमच्या गावातून येतील.

ज्या गावात निम्म्याहून जास्त कचरा ओला आहे तिथे तो कुजवूनच ऊर्जा काढावी, पाणी तिथे अडचण नसून गरजच असते. गोव्यात साळगावचा प्लांट २०१६ पासून हेच करतो, ओल्या कचऱ्याचा बायोगॅस आणि त्यावर वीज, सुका वेगळा काढून विकतात आणि जे विकलं जात नाही ते सिमेंटच्या भट्ट्यांना जातं, तिथे कोळशाच्या जागी जळतं. आणि अगदी लहान गावाचं उदाहरण हवं असेल तर वेंगुर्ल्याला जाऊन या. तिथल्या नगरपरिषदेने घराघरातून कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली, ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात, आणि जिथे डेपो होता तिथे आता लोक बघायला जातात. नगरसेवकांनाही सोबत न्या, आणि जायच्या आधी तुमच्या घंटागाडीतला ओला आणि सुका कचरा सध्या वेगळा वेगळा किती टन भरतो ते मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. तो आकडा त्यांच्याकडे नसेल तर आठ दिवस काट्यावर वजन करून घ्यायला सांगा, कुठलाही प्लांट घ्यायचा झाला तरी पहिल्यांदा तोच लागणार आहे.